जंगल डाव्या हाताला

करोल बाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गफ्फार मार्केटमधले मोबाइल, अजमल खान रोडवरची लग्नाची खरेदी, बँक स्ट्रीटवरचे दागिने आणि पाय ठेवायला जागा नसलेल्या गल्ल्या. जंगल काही येत नाही. पण मेट्रोने झंडेवालानहून करोल बागकडे जाताना १०८ फुटी हनुमानाची मूर्ती दिसते ना, जिचे फोटो काढायला सगळे खिडकीशी गर्दी करतात, तिच्या मागे जरा नीट बघा. तिथूनच जंगल सुरू होतं.

दिल्लीत या जंगलाला ‘रिज’ म्हणतात. अरवलीची डोंगररांग गुजरातमधून निघते, राजस्थान ओलांडते आणि दिल्लीत येऊन संपते. तिच्या शेवटच्या टोकाचे शहराने चार तुकडे केले आहेत. त्यातला आमच्या शेजारचा तुकडा म्हणजे सेंट्रल रिज. सुमारे ८६४ हेक्टरचा. त्याच्या एका बाजूला करोल बाग आणि राजेंद्र नगर, दुसऱ्या बाजूला राष्ट्रपती भवन आणि चाणक्यपुरी, खाली दक्षिणेला धौला कुआँ. या जंगलाच्या मधून आणि कडेने चांगले डांबरी रस्ते आहेत आणि सायकलवरून त्याला पूर्ण वळसा घालता येतो. ही फेरी कशी मारायची, कधी मारायची, आणि आमच्या घराला तिची गरज का पडली, ते आज तुम्हाला सांगते.

तेजाबाचा धूर

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. तुमच्यापैकी ज्यांचं गाव विटा, आटपाडी, तासगाव किंवा कवठेमहांकाळकडे आहे, त्यांना आम्ही दिल्लीत कसे पोचलो हे विचारावं लागणार नाही. गलाई! जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून देणं, हा आमचा धंदा. पाऊस कमी, शेती कोरडवाहू, म्हणून या तालुक्यांतली माणसं हा हुन्नर घेऊन देशभरातल्या सराफ बाजारांत पसरली. माझे वडील, म्हणजे अण्णा, सोळाव्या वर्षी चुलत्यांच्या दुकानात कामाला आले आणि करोल बागेतच राहिले. माझा जन्म इथला, शिक्षण इथलं. इंग्रजीत बीए केलं आणि आता कंटेंट रायटर म्हणून काम करते. घरात मात्र आम्ही सगळे विट्याच्या बाजारात असल्यासारखेच बोलतो.

सोन्यातली भेसळ काढायला नायट्रिक आम्ल लागतं. दुकानात त्याला तेजाब म्हणतात. धातूवर ओतून तापवलं की तपकिरी धूर निघतो. वर पंखा असतो, धुराडं असतं, पण तीस-पस्तीस वर्षांत थोडा थोडा धूर माणसाच्या आतही जातोच. त्यात दिल्लीची हिवाळ्यातली हवा. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी पोचेपर्यंत अण्णांना जिन्यात दोनदा बसावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यांनी आईला वर जायला सांगितलं आणि मला खुणेने थांबवलं. त्यांना बोलता येत नव्हतं. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते.

डॉक्टरांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं, एक्स-रे काढला आणि दोन गोष्टी सांगितल्या. भट्टीपासून लांब राहायचं. आणि हवा बरी असेल त्या दिवशी अर्धा-पाऊण तास हलका व्यायाम करायचा, दम लागला की थांबायचं.

पहिली गोष्ट ऐकून अण्णा गप्प बसले. दुसरीवर म्हणाले, “चालायचं? दिवसभर दुकानात उभाच असतो की मी.”

समुद्र नाही, बाकी सगळं तेच

त्याच सुमारास मला कामात एक विषय आला होता. फ्रान्समध्ये मार्से या बंदराला लागून कालांक नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, २०१२ साली स्थापन झालेलं. चुनखडीचे पांढरे कडे, त्यांवर पाइनची झाडं आणि खुरटी काटेरी झुडपं, खाली भूमध्य समुद्र. मार्सेहून कासी नावाच्या छोट्या गावाला जाणारा रस्ता याच भागातून जातो आणि जिनेस्तच्या खिंडीत ३२७ मीटरपर्यंत चढतो. सायकलवाल्यांचा तो लाडका चढ आहे. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे कासीकडे जाताना समुद्र सायकलवाल्याच्याच बाजूला राहतो.

मी लॅपटॉपवर फोटो बघत होते. अण्णा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

“ह्यो तर आपला रिज हाय. फक्त समुद्र न्हाई,” ते म्हणाले.

“अण्णा, तुम्ही कधी गेलाय रिजवर?”

“बसमधनं बघितलाय की. धौला कुआँला जाताना.”

एवढ्या वर्षांत बसच्या खिडकीतून! आणि खरं सांगायचं तर मीही रिक्षातूनच बघितला होता. गल्लीपासून दहा-पंधरा मिनिटांवर जंगल, आणि आमच्या गल्लीतल्या बहुतेकांची तीच गत. “तिकडं माकडं असतात, तिकडं जाऊ नये,” एवढंच आम्हाला लहानपणी सांगितलेलं.

अण्णांना चालायचं नव्हतं, पण सायकलला ते नाही म्हणाले नाहीत. गावी नळीखालून पाय घालून ते सायकल शिकले होते, पाच किलोमीटरवरच्या शाळेत सायकलनेच जायचे. दिल्लीतला सायकलींचा मोठा बाजार झंडेवालानला, म्हणजे आमच्या दारातच. तुम्ही कधी घ्यायला गेलात तर एवढं बघा. कमरेवर ताण असलेल्या माणसाला वाकून चालवायची रेसची सायकल नको, सरळ हँडलची हवी. चढासाठी थोडे गिअर असलेले बरे. आणि पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवून घ्या. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवतात, मग चढावर गुडघे बोंबलतात. आम्ही दोन सायकली घेतल्या. घंटी, मागचा लाल दिवा आणि दोन हेल्मेट. हेल्मेट घालून अण्णांनी आरशात पाहिलं आणि आईला म्हणाले, “खाणकामगार दिसतोय का गं मी?”

तीन फेऱ्या

आता रस्ते. नीट वाचा, कारण एकच नियम आहे आणि बाकी सगळं त्यातून आपोआप होतं. जंगल डाव्या हाताला ठेवायचं.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. जंगल डावीकडे ठेवून वळसा घातला की मोठी वळणं सगळी डावीकडची येतात, समोरून येणारी वाहतूक कापून उजवीकडे वळावं लागत नाही. अण्णांना हे अजिबात पटलं नव्हतं. हनुमानाला नमस्कार करून निघायचं आणि उलटी प्रदक्षिणा घालायची? पहिल्या दिवशी त्यांनी मूर्तीकडे बघून मोठ्याने सांगितलं, “देवा, हे ट्रॅफिकमुळं हाय.” तेव्हापासून ते रोज सांगतात.

पहिली, लहान फेरी. मूर्तीपासून वंदे मातरम मार्ग धरायचा. जुने दिल्लीकर याला अजून अप्पर रिज रोड म्हणतात. दोन्ही बाजूंना जंगल, हलका चढ. शंकर रोडचा चौक आला की डावीकडे वळायचं आणि राममनोहर लोहिया रुग्णालयाच्या दिशेने उतरायचं. खाली पुन्हा डावीकडे, मंदिर मार्ग. बिर्ला मंदिर आणि गांधीजी १९४६-४७ मध्ये जिथे राहिले ते वाल्मीकी मंदिर याच रस्त्यावर आहे. पुढे पंचकुइयाँ रोडने झंडेवालान आणि घर. सात-आठ किलोमीटर होतात. नवशिक्यांनी आणि दम लागणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. आम्हीही तीन आठवडे एवढंच केलं.

दुसरी, मधली फेरी. शंकर रोडला वळायचं नाही, सरळ जायचं. रवींद्र रंगशाळा मागे टाकली की पुढे डावीकडे बुद्ध जयंती पार्क येतं. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षानिमित्त हे उद्यान करायचं ठरलं आणि १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी इथे बोधिवृक्षाचं रोप लावलं. पाणी प्यायला, बसायला ही जागा छान. इथून सायमन बोलिव्हार मार्गाने अकरा मूर्तींकडे जायचं. देवीप्रसाद रायचौधुरींचं दांडीयात्रेचं हे शिल्प तुम्ही पाठ्यपुस्तकात किंवा नोटेवर पाहिलं असेल. जुन्या ५०० च्या नोटेच्या मागे दांडीयात्रेचंच चित्र होतं. तिथून डावीकडे मदर तेरेसा क्रेसेंट, मग तालकटोरा, आणि मंदिर मार्गाने परत. तेरा किलोमीटरच्या आसपास.

तिसरी, पूर्ण फेरी. बुद्ध जयंती पार्कवरून न वळता थेट धौला कुआँपर्यंत जायचं आणि सरदार पटेल मार्गाने वर यायचं. माझ्या फोनवर ही फेरी सतरा-अठरा किलोमीटर भरते. सरदार पटेल मार्ग रुंद आणि सुंदर आहे, डावीकडे जंगल, उजवीकडे चाणक्यपुरी. पण धौला कुआँला रिंग रोड, विमानतळाकडचा महामार्ग आणि उड्डाणपूल एकमेकांत गुंतलेले आहेत. तिथे गाड्या सायकलसाठी थांबत नाहीत. ही फेरी फक्त रविवारी, फक्त सकाळी लवकर, आणि धौला कुआँचा तुकडा सायकल हातात धरून फूटपाथवरून. यात कमीपणा काही नाही. अण्णा म्हणतात, सायकलला दोन चाकं असतात तसे माणसाला दोन पायही असतात.

आणखी थोडं. उजाडल्याशिवाय निघू नका. अंधारात जंगलातला रस्ता सुनसान असतो, मला एकटीला तर आईने सरळ बंदी केली आहे आणि ती योग्यच आहे. दोघं-तिघं मिळून जा. सातच्या आत परत फिरा, नंतर वंदे मातरम मार्गावर गाड्या सुसाट सुटतात. आणि हातात किंवा हँडलला खाऊची पिशवी नको. मंगळवारी आणि शनिवारी लोक माकडांना केळी घालायला येतात, त्यामुळे पिशवी म्हणजे केळी, हे तिथल्या माकडांना पक्कं ठाऊक आहे.

वेडी बाभळ

पहिल्या आठवड्यात अण्णांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि झाडांवर जास्त होतं. शंकर रोडच्या चढावर ते दम घ्यायला थांबले. सायकल कठड्याला टेकवली, एक फांदी जवळून पाहिली आणि जोरात हसले.

“काय गं ही! ही तर वेडी बाभळ हाय! हिच्यासाठी दिल्लीला आलो व्हय मी?”

खरोखर ती वेडी बाभूळच आहे. दिल्लीत तिला विलायती कीकर म्हणतात. मूळची ती मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. इंग्रजांनी १९११ मध्ये राजधानी दिल्लीला आणायचं ठरवलं, व्हाइसरॉयचा वाडा बांधायला घेतला, आणि त्यामागचा हा उघडा, खडकाळ डोंगर हिरवा दिसावा म्हणून पुढच्या काळात ही झाडं लावली. ती लागली ती अशी लागली की बाकीच्यांना जागाच उरली नाही. पाणी कमी असलं तरी ती तगते, शेळ्या तिचा पाला सहसा खात नाहीत, तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. आटपाडी-खानापूरकडे पडीक रानात ज्यांनी ती पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको.

पण मग मीही बघायला शिकले, कारण अण्णा सायकल थांबवून दाखवायचे. मूळची झाडं अजून मधूनमधून आहेत. हिवर आहे, इथे त्याला रोंझ म्हणतात. पाने नसलेली, लाल फुलांची नेपती आहे, ती इथे करील. बोरी आहेत. आणि धौ, आपल्या धावड्याचाच भाऊबंद. मार्चमध्ये सावर आणि पळस फुलतो, मे महिन्यात बहावा पिवळा होतो. एकदा तर समोरून रस्ता ओलांडून मोर गेला. बाजूच्या चौकात रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, आणि तो सावकाश, आपल्याच घरात असल्यासारखा चालत गेला.

मला वाटायचं अण्णांचं गाव एक आणि आपलं दुसरं. त्यांचं विट्याजवळचं, माझं करोल बाग. दोन्हीकडे तीच काटेरी झाडं आणि तोच कोरडा खडक आहे, हे मला सायकलवर बसल्यावर कळलं.

तालकटोऱ्यापाशी तर अण्णांची छाती आणखी फुगते. १७३७ च्या मार्चमध्ये थोरल्या बाजीरावांची फौज दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकली, तेव्हा मराठ्यांचा तळ याच परिसरात होता. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथल्याच तालकटोरा स्टेडियममध्ये झालं. दिल्लीत संमेलन भरलं ते १९५४ नंतर पहिल्यांदा. अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर, आमच्या सांगलीच्या! तीन दिवस अण्णांनी दुकान लवकर बंद केलं होतं. आता सायकलवरून जाताना ते दर वेळी एक हात सोडून स्टेडियमकडे बोट दाखवतात, आणि मी दर वेळी “अण्णा, हँडल!” म्हणून ओरडते.

आज रंग कोणता?

कालांकबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली होती. तिथे जून ते सप्टेंबर जंगलात जायचं की नाही, हे वणव्याच्या धोक्यावरून रोज ठरतं. आदल्या संध्याकाळी रंगांचा नकाशा जाहीर होतो. लाल असेल तर जंगल बंद. कासीच्या पुढचा कड्यावरचा प्रसिद्ध रस्ताही जोराचा वारा किंवा आगीचा धोका असला की बंद करतात. कितीही लांबून आलेला सायकलवाला असो, त्या दिवशी माघारी फिरतो.

दिल्लीतही रंग असतो. आपल्या देशात २०१५ पासून हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक सहा गटांत सांगतात. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, मग खराब, अति खराब आणि ४०० च्या पुढे गंभीर. गडद हिरव्यापासून मरून रंगापर्यंत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप आहे, त्यात तुमच्या जवळच्या केंद्राचा आकडा दिसतो. आमच्या फेरीसाठी दोन केंद्रं अगदी सोयीची आहेत, एक पुसाचं आणि एक मंदिर मार्गाचं.

सायकल चालवताना आपण बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतो. हवा चांगली असेल तर फायदा, वाईट असेल तर तेवढंच जास्त विष. म्हणून आम्ही घरात नियम केला. १५० च्या आत असेल तर पूर्ण मोकळीक. १५० ते २०० असेल तर फक्त लहान फेरी, तीही अण्णांना बरं वाटत असेल तर. २०० च्या वर सायकल जिन्याखाली. हा नियम आमचा, अण्णांच्या डॉक्टरांना विचारून केलेला. तुमच्या घरी कोणाला दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून तुमचा आकडा ठरवा.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी रोज स्केचपेनने त्या दिवसाचा रंग लावते आणि फेरी झाली तर बाजूला छोटं चाक काढते. वर्षभराची पानं उलटली की सगळं समोर येतं. मार्चमध्ये चाकं सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये धुळीची वादळं आली की मध्येच दोन-चार दिवस कोरे. जुलै ते सप्टेंबर, पाऊस धूळ खाली बसवतो तेव्हा, पानं हिरवी आणि चाकंच चाकं. ऑक्टोबरच्या मध्यापासून नारिंगी डोकावायला लागतो. दिवाळीनंतर लाल आणि मरून, आणि मग जानेवारीपर्यंत जवळपास एकही चाक नाही. पहिल्या वर्षी एकूण ६१ चाकं झाली.

नोव्हेंबरचं ते पान अण्णा एकदा बराच वेळ बघत उभे होते. मला वाटलं, फेऱ्या बंद झाल्याचं वाईट वाटतंय. ते म्हणाले, “बाहेरचा रंग तू लावतीस. दुकानातला रंग कोण लावायचं?”

मी काहीच बोलले नाही. आईही नाही. डॉक्टरांची ती पहिली गोष्ट, भट्टीपासून लांब राहायची, त्या जानेवारीपासून आमच्या घरात कोणी तोंडावर आणली नव्हती. दुकान हेच घर चालवतं. अण्णांच्या हाताला सोन्याची पारख आहे, आणि भट्टीसमोरचा माणूस बदलला की गिऱ्हाइकाचा विश्वास हलतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण समोर भिंतीवर महिनाभर लाल रंग बघितल्यावर त्यांना स्वतःलाच ते टाळता आलं नाही. त्या डिसेंबरात त्यांनी भट्टीचं काम चुलतभावाच्या मुलाकडे दिलं, धूर ओढणारा नवा पंखा बसवून घेतला आणि स्वतः पुढच्या काउंटरवर आले. कमाई थोडी घटली आहे. घरखर्चातला माझा वाटा वाढला आहे. अण्णांचा दम पूर्ण गेलेला नाही, जाणारही नाही असं डॉक्टर म्हणतात. शंकर रोडच्या चढावर ते अजून एकदा थांबतात. पण आमच्या जिन्यात मात्र आता बसत नाहीत.

हा रस्ता कोणाचा?

रविवारी पहाटे रिजवर तुम्हाला दोन प्रकारचे सायकलवाले दिसतील. एक, चमकत्या कपड्यांतले, हलक्या महागड्या सायकलींवरचे. दहा-बाराच्या रांगेत ते सर्रकन निघून जातात. दुसरे एकेकटे. बंगल्यांवरचे माळी, रात्रपाळी संपवून घरी निघालेले पहारेकरी, कॅरिअरला डबा बांधलेले मजूर. त्यांच्याकडे हेल्मेट नसतं, दिवा नसतो, आणि हवेचा रंग कुठलाही असला तरी सुट्टी नसते.

अण्णा पहिल्यांना हात करत नाहीत, दुसऱ्यांना करतात. “त्येंच्याकडनं शिकायचं,” असं ते मला सांगतात. नीट पाहिलं तर खरंच शिकण्यासारखं आहे. ही माणसं रस्त्याच्या अगदी कडेला चिकटत नाहीत, कारण तिथे खडी आणि काटे असतात. मागून बस येते आहे हे आवाजावरून ओळखून आधीच वेग कमी करतात. वळायच्या खूप आधी हात दाखवतात. आणि चढावर कोणाला दाखवायला पॅडल मारत नाहीत, सरळ उतरून चालतात.

जंगलाभोवतीचा रस्ता रुंद करायचं, एखादं बांधकाम आत सरकवायचं कोणाच्या मनात आलं, तर मोटारीतून जाणाऱ्याला ते लक्षातही येणार नाही. दिल्लीचा एकूण ७,७७७ हेक्टर रिज १९९४ मध्ये राखीव वन म्हणून अधिसूचित झाला, तरीही २०२४ मध्ये दक्षिण रिजवर रस्त्यासाठी शेकडो झाडं तोडली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. एक झाड कमी झालं की ते कोणाला कळतं? जो रोज त्याच्या सावलीत दम घ्यायला थांबतो त्याला. शंकर रोडच्या चढावरचा अण्णांचा हिवर उद्या दिसला नाही, तर पहिली तक्रार आमच्याच घरातून जाईल.

तुमच्या गावात

तुम्ही दिल्लीत राहत असाल तर या मार्चमध्ये या. पण हा लेख वाचणारे बरेच जण महाराष्ट्रात असाल. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आत भाड्याने सायकली मिळतात. पुण्यात तळजाई आहे, नागपुरात सेमिनरी हिल्स. तुमच्या शहरालाही असा एखादा हिरवा तुकडा असेल, जो तुम्ही बसच्या खिडकीतून वर्षानुवर्षं बघत आला असाल.

नकाशा उघडा, त्या तुकड्याभोवतीचे रस्ते शोधा आणि जंगल डाव्या हाताला ठेवून पहिली फेरी आखा. लहानच आखा. आदल्या रात्री टायरमधली हवा आणि ब्रेक तपासा, सकाळी बाहेरच्या हवेचा आकडा बघा. आणि शक्य असेल तर घरातलं एखादं मोठं माणूस बरोबर घ्या. झाडांची नावं त्यांना येतात. आपल्याला फक्त ते सांगतील तिथे थांबायचं असतं.